गुडघ्यांवर बसून वल्हवणारी जेसिका

मंडळी, होडी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे. कोकणातल्या वाचकांना तर होडी सांगायलाच नको. खाडी ओलांडायची असो की जाळे टाकायचे असो, होडी हवीच. देशावरच्या लोकांनीही पावसाळ्यात नदीवर नाव पाहिली असेल. पण खळाळत्या पाण्यातली होडीची शर्यत फार थोड्यांनी पाहिली असेल. त्या शर्यतीत बायकांना जागा मिळावी म्हणून झटलेल्या एका मुलीची हकिगत आज वाचू.

तिचे नाव जेसिका फॉक्स. १९९४ साली फ्रान्स देशातल्या मार्सेय गावी ती जन्मली. बाप ब्रिटनचा, आई फ्रान्सची. दोघेही होडी वल्हवण्यात जगात नावाजलेले. जेसिका चार वर्षांची असताना बापाला ऑस्ट्रेलियात खेळाडूंना शिकवण्याचे काम मिळाले आणि सारे बिऱ्हाड तिकडे गेले. सिडनी शहराजवळ पेनरिथ नावाचे ठिकाण आहे. तेथे २००० सालच्या ऑलिंपिकसाठी एक ओढा मुद्दाम बांधला होता. पंपाने पाणी वर चढवायचे आणि उतारावरून सोडून द्यायचे. त्या पाण्यावर ही मुलगी तयार झाली.

ऑलिंपिक म्हणजे काय, हे ठाऊक आहे ना? दर चार वर्षांनी साऱ्या जगाचे खेळाडू एका ठिकाणी जमतात. खेळांची ती सर्वांत मोठी जत्रा. त्या जत्रेत ज्या शर्यतीला जागा नाही, तिला कोणी फारसे विचारत नाही. सरकार पैसा देत नाही, शिकवायला माणूस मिळत नाही. पुढे जे घडले ते समजायला ही गोष्ट ध्यानात ठेवा.

आता शर्यत कशी असते ते पाहू. ओढ्यावर दोऱ्या बांधून खांबांच्या जोड्या टांगलेल्या असतात. एक जोडी म्हणजे एक दार. अशी अठरा ते पंचवीस दारे असतात. हिरव्या दारातून पाण्याबरोबर जायचे. तांबड्या दारातून मात्र पाण्याच्या उलट वर चढायचे! खांबाला होडी, वल्हे किंवा नुसता खांदा लागला, तरी पंच २ सेकंद वाढवतात. दार चुकले तर ५० सेकंद. म्हणजे शर्यत गेलीच म्हणा. एका वेळी एकच होडी सुटते आणि घड्याळ चालू असते.

या शर्यतीत होड्या दोन जातींच्या. पहिली कयाक. तिच्यात पाय पुढे पसरून बसतात. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाते असते, म्हणून डावीकडे-उजवीकडे आलटून पालटून मारता येते. दुसरी कनू. तिच्यात गुडघे टेकून बसायचे, आणि वल्ह्याला पाते एकाच टोकाला. एका वेळी एकाच बाजूने पाणी ओढायचे आणि होडी मात्र सरळ ठेवायची. काम कठीण आहे. गुडघ्यांना रग लागते, कंबर भरून येते.

तर कयाक बायकांना खुली होती. संथ पाण्यातल्या कयाकची शर्यत ऑलिंपिकमध्ये बायकांसाठी १९४८ सालापासून आहे. पण कनू फक्त पुरुषांची! २०१६ सालच्या रिओ ऑलिंपिकपर्यंत हेच चालले. त्या वर्षी खळाळत्या पाण्यात पुरुषांच्या शर्यती तीन आणि बायकांची एक. संथ पाण्यात पुरुषांच्या आठ आणि बायकांच्या चार. हिशेब तुम्हीच करा.

असे का? विचारले की निरनिराळी उत्तरे मिळत. कोणी म्हणे, गुडघ्यांवर बसून वल्हवणे बायकांच्या शरीराला मानवायचे नाही. (आमच्याकडच्या बाया भाताच्या चिखलात दिवसभर वाकून लावणी करतात, ते कोणाला दिसत नाही!) कोणी म्हणे, त्यांना ते नीट जमत नाही. आणि ठरलेले उत्तर असे, की कनू वल्हवणाऱ्या बायका आहेतच किती? थोड्याच देशांत आहेत. एवढ्यासाठी शर्यत कशाला ठेवायची?

हे उत्तर आमच्या ओळखीचे आहे. आम्हीच ते एकदा दिले आहे. आम्ही एका गावी हेडमास्तर होतो. वर्षाच्या खेळांत मुलांच्या पाच-सहा शर्यती असत. मुलींना लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची. एकदा सातवीतली एक मुलगी आली नि म्हणाली, "गुरुजी, आमची लांब पळायची शर्यत का नाही?" आम्ही म्हणालो, "पळणार कोण? तू एकटीच ना!" ती गप्प राहिली आणि निघून गेली. पुढे चार वर्षांनी एक नव्या बाई शिकवायला आल्या. त्यांनी हट्टाने ती शर्यत ठेवली, तर अकरा मुली पळाल्या. विचारणारी मुलगी तोवर शाळा सोडून सासरी गेली होती. मुली नाहीत म्हणून शर्यत नव्हती असे आम्ही समजत होतो. खरे म्हणजे शर्यत नव्हती म्हणून मुली येत नव्हत्या.

जेसिकाला स्वतःला काही कमी नव्हते बरं का. २०१२ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये अठराव्या वर्षी तिने कयाकमध्ये रौप्यपदक मिळवले. तिने मुकाट्याने कयाकच वल्हवली असती, तरी तिचे नाव झाले असते. पण ती कनूही शिकली. बायकांच्या कनूची जागतिक स्पर्धा २०१० साली सुरू झाली होती. २०१३, २०१४ आणि २०१५, अशी लागोपाठ तीन वर्षे ती जेसिकाने जिंकली. आणि मिळेल तेथे ती बोलत राहिली, की ही शर्यत ऑलिंपिकमध्ये घ्या, बायकांना पुरुषांइतक्याच शर्यती द्या. ती एकटी नव्हती. निरनिराळ्या देशांतल्या बायका हेच मागत होत्या. कॅनडाची लॉरेन्स व्हिन्सेंट-लापॉइंट संथ पाण्यातल्या कनूत पुन्हा पुन्हा जगज्जेती झाली, पण ऑलिंपिकचे दार तिला बंदच होते.

शेवटी २०१७ साली ठरले. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये बायकांची कनू आली. संथ पाण्यात सहा शर्यती पुरुषांच्या, सहा बायकांच्या. खळाळत्या पाण्यात दोन आणि दोन.

पण ही जागा रिकामी पडलेली नव्हती. खळाळत्या पाण्यात दोन पुरुषांनी मिळून एक कनू वल्हवायची जुनी शर्यत होती. ती काढून टाकली. रिओमध्ये ती स्लोव्हाकियाच्या दोन चुलतभावांनी जिंकली होती. असे जोडीदार वर्षानुवर्षे एका होडीत बसून तयार झालेले असतात. त्यांनी काय करायचे? त्यांचे दुःख खोटे नव्हते. तरी आम्हाला विचाराल तर निवाडा बरोबर झाला. चार भाकऱ्यांतल्या तीन एकालाच वाढल्या असतील, तर दुसऱ्याचे ताट भरताना पहिल्याची एक कमी होणारच.

करोनाच्या साथीमुळे टोकियोची स्पर्धा एक वर्ष पुढे गेली आणि २०२१ साली झाली. २७ जुलैला कयाकची शर्यत होती. जेसिका वेगात होती, पण होडी दोन वेळा खांबांना लागली. ४ सेकंद वाढले. हातचे सोने गेले, कांस्य मिळाले. दोन दिवसांनी, २९ जुलैला, बायकांची पहिली कनू शर्यत. जेसिका गुडघे टेकून बसली आणि सुटली. हिरवे दार, तांबडे दार, पुन्हा हिरवे. एकाही खांबाला ती लागली नाही. वेळ १०५.०४ सेकंद. दुसरी आलेली ब्रिटनची मॅलरी फ्रँकलिन साडेतीन सेकंदांहून अधिक मागे होती. अशा शर्यतीत हे अंतर फार मोठे. लॉरेन्सलाही त्याच ऑलिंपिकमध्ये संथ पाण्यात रौप्यपदक मिळाले.

२०२४ साली पॅरिसला जेसिकाने कयाक आणि कनू, दोन्हींत सोने घेतले. तिची धाकटी बहीण नोएमी हिनेही कयाकच्या एका नव्या शर्यतीत सोने मिळवले. जेसिकाला शिकवणारी तिची आई, मिरियम. १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये मिरियमने कांस्यपदक मिळवले होते, ते कयाकमध्ये. कनूची शर्यत तिच्या वेळी बायकांना नव्हतीच.