टायर बदलले? फवारणीपूर्वी ट्रॅक्टरचा वेग मोजा

ट्रॅक्टरने तणनाशक फवारताना आपण वेगदर्शक काट्यावर विसंबतो. हा काटा जमिनीवरचे अंतर मोजत नाही. मूळ मापाचे टायर गृहीत धरून, इंजिनाच्या किंवा चाकाच्या फेऱ्यांवरून तो वेग दाखवितो. मागील टायर झिजले किंवा लहान मापाचे बसविले, तर एका फेरीत ट्रॅक्टर कमी अंतर जातो. मोठे बसविल्यास जास्त. ओल्या रानात चाक घसरल्यानेही खरा वेग घटतो.

खरा वेग मोजण्यासाठी शेतात ५० मीटर अंतरावर दोन खुणा रोवाव्यात. टाकी निम्मी भरावी. फवारणीचाच गिअर व थ्रॉटल ठेवून, पहिल्या खुणेच्या बरेच अलीकडून ट्रॅक्टर चालवत आणावा. दोन खुणांमध्ये लागलेल्या सेकंदांनी १८० ला भागावे. येणारे उत्तर म्हणजे ताशी कि.मी. वेग.

४५ सेकंद लागल्यास वेग ४ कि.मी., ५० लागल्यास ३.६ कि.मी. येतो. फवारणीचा पट्टा ८ मीटर व सर्व नोझल मिळून मिनिटाला १६ लिटर प्रवाह असल्यास ४ कि.मी. वेगाला हेक्टरी ३०० लिटर, तर ३.६ कि.मी. वेगाला ३३३ लिटर द्रावण पडते. म्हणजे तणनाशक ११ टक्के जादा! खर्च वाढतो, पिकालाही इजा होऊ शकते. उलट वेग जास्त असेल तर मात्रा कमी पडून तण जगते.

म्हणून टायर बदलल्यावर व प्रत्येक हंगामापूर्वी वेग मोजावा आणि त्यानुसारच टाकीतील तणनाशकाचे प्रमाण ठरवावे.