सामानासह खोली महिन्याने देताना

खारेपाटण हे मुंबई-गोवा महामार्गावरचे, शुक नदीकाठचे जुने बाजाराचे गाव. अशा गावात बदलीवर आलेले शिक्षक, बँकेचे नोकर, रस्त्याच्या कामावरचे लोक यांना महिन्याच्या बोलीवर खोली लागते. दुकानामागची खोली खाट, कपाट, पंख्यासह दिली तर कारागिराच्या घरी चार पैसे जास्त येतात. पण व्यवहार तोंडी असेल तर अनामत किती घेतली, खोली कधी सोडायची, यावर तंटा उभा राहतो. म्हणून काही गोष्टी आम्ही येथे देत आहोत.

पहिली गोष्ट, करार लेखी हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज चुकीचा आहे.

खर्च फार नाही. भाडे ४,००० रुपये, परत करायची अनामत १५,००० व मुदत अकरा महिने धरू. एकूण भाडे ४४,००० आणि अनामतीवर दरसाल दहा टक्क्यांनी व्याज १,३७५, मिळून ४५,३७५. त्यावर पाव टक्का मुद्रांक म्हणजे सुमारे ११३ रुपये; पूर्णांक करताना थोडे अधिक. ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० रुपये.

दुसरी गोष्ट, सामानाची यादी. प्रत्येक वस्तू, तिची स्थिती व विजेच्या मीटरचा आकडा लिहून दोघांनी सह्या कराव्यात. वीजबिल कोणी भरायचे, मोडतोड झाल्यास अनामतीतून काय वळते करायचे, हेही लिहावे.

तिसरी गोष्ट, ओळखपत्राची प्रत ठेवावी. जिल्हा प्रशासनाचा आदेश असेल तेव्हा भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत कळवावी लागते.

भाड्याची पावती दरमहा द्यावी व ग्रामपंचायतीची घरपट्टी थकवू नये. आमच्या बंधूंनी ओळखीच्या माणसाशीही करार लेखीच करावा. त्याने संबंध बिघडत नाहीत, उलट टिकतात.