स्वस्त स्मार्ट स्विच व त्याचा खरा कब्जा

हल्लीं बाजारांत स्मार्ट स्विच या नांवाचें एक लहानसें उपकरण थोडक्या किंमतींत मिळतें. घरच्या वाय-फायशीं तें जोडलें म्हणजे हातांतील मोबाइलवरून दिवा अगर पंखा चालू व बंद करतां येतो. हें शहरी चैनीचें साधन आहे असें पुष्कळ शेतकरी बंधूंस वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याच उपकरणास उष्णतामापक जोडला आणि त्याच्या आंतील आज्ञावली बदलली, तर पिलांच्या ब्रूडरमधील ऊब राखण्यासारखीं, एरवीं रात्रीचें जागरण घडविणारीं कामें तें करूं शकतें. तें कसें करावें व करतांना काय सांभाळावें, हें प्रस्तुत लेखांत क्रमानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. विकत घेतलेली वस्तु कोणाच्या कब्जांत?

कारखान्यांतून येतांना या स्विचांची रचना बहुधा अशी असते कीं, आपण मोबाइलवर बोट ठेवलें म्हणजे हुकूम प्रथम इंटरनेटच्या वाटेनें कंपनीच्या दूरच्या सर्व्हरकडे जातो व तेथून परत आपल्या स्विचाकडे येतो. मोबाइल व स्विच एकाच पडवींत असले तरी हा फेरा सहसा चुकत नाहीं. गांवचें इंटरनेट बंद पडलें, किंवा कंपनीनेंच आपला सर्व्हर बंद केला, तर मोबाइलवरील बटणें निरुपयोगी होतात. महसूल दफ्तराशीं ज्यांचा संबंध आला आहे त्यांस हा मामला चटकन् कळेल. खरेदीखत आपल्या नांवाचें, फेरफार मंजूर, सात-बाऱ्यावर नांवही चढलें. परंतु जमिनीवर वहिवाट मात्र दुसऱ्याची, तसा हा प्रकार आहे.

हें भय काल्पनिक नव्हे. घरांतील उपकरणें चालविणारें एक यंत्र अमेरिकेंत रिव्हॉल्व्ह नांवाची कंपनी विकीत असे. ती कंपनी गूगलच्या मालकीच्या नेस्ट कंपनीनें २०१४ सालीं घेतली, आणि १५ मे २०१६ रोजीं त्या यंत्रांची सेवा बंद केली. यंत्रें धडधाकट असूनही गिऱ्हाइकांच्या घरीं निकामी होऊन पडलीं. पुढें एप्रिल २०२२ मध्यें इन्स्टिऑन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचनेवांचून बंद झाले. त्या प्रसंगीं असें दिसून आलें कीं, ज्यांचे स्विच घरच्या घरीं एकमेकांशीं जोडलेले होते त्यांचें काम चालू राहिलें, व ज्यांचा हुकूम सर्व्हरवरून येत होता त्यांचें थांबलें. जून २०२२ मध्यें कांहीं ग्राहकांनींच ती कंपनी विकत घेऊन सेवा पुन्हां सुरू केली.

दिव्याच्या चैनीपुरती ही अडचण सोसतां येईल. परंतु ज्या कामावर शंभर पिलांचे प्राण अवलंबून आहेत, त्याचा निर्णय घरांतल्या घरांतच झाला पाहिजे. आज्ञावली बदलण्याचा मुख्य हेतु हाच होय.

२. उपकरणाच्या आंत काय असतें

पेटी उघडली असतां आंत तीन मुख्य भाग दिसतात. पहिला, घरच्या २३० व्होल्ट विजेपासून ३.३ व्होल्टची सौम्य वीज करणारा भाग. दुसरा, रिले, म्हणजे लहान विजेच्या इशाऱ्यानें मोठी वीज जोडणारा व तोडणारा खटका. तिसरा, वाय-फायसह विचार करणारी चिप. शेन्झेन येथील आयटेड कंपनीच्या सोनऑफ नांवाच्या जुन्या स्विचांत ही चिप ईएसपी८२६६ या जातीची असते. शांघाय येथील एस्प्रेसिफ कंपनीची ही चिप २०१४ सालीं बाजारांत आली, आणि अत्यंत स्वस्त असल्यामुळें जगभर पसरली.

चिपेच्या स्मरणांत जी कायमची आज्ञावली भरलेली असते तिला फर्मवेअर म्हणतात. ती पुसून तेथें दुसरी भरतां येते. थिओ आरेंड्स यांनीं सोनऑफ स्विचांसाठीं आरंभिलेली टास्मोटा ही अशीच आज्ञावली होय. ती विनामूल्य असून तिचा मूळ मजकूर सर्वांस पाहावयास खुला आहे. ईएसपीहोम नांवाची दुसरीही एक आहे. परंतु नवशिक्यास टास्मोटा सोयीची पडते, कारण तिची सर्व व्यवस्था मोबाइलवरील एका साध्या पानावरून लावतां येते.

३. निवड

उष्णतामापक जोडावयाचा असल्यास सोनऑफचे टीएच १० अथवा टीएच १६ हे प्रकार पाहावे. पहिला १० व दुसरा १६ अँपिअरपर्यंत भार घेतो, आणि मापक खुपसण्यासाठीं बाजूस तयार छिद्र असतें. नव्या आवृत्तींत चिप व छिद्र दोन्ही निराळीं आहेत, व पुष्कळ स्वस्त प्लगांत आतां दुसऱ्याच जातीची चिप येते. तिच्यावर टास्मोटाची ही आवृत्ति चालत नाहीं. यासाठीं खरेदीपूर्वीं आंतील चिप कोणती आहे याची खात्री करून घ्यावी.

मापक डीएस१८बी२० या जातीचा, पोलादी नळींत बंद केलेला असावा. उणे १० ते ८५ अंश सेल्सिअस या पट्ट्यांत त्याची चूक अर्ध्या अंशापेक्षां अधिक नसते. घरीं आणल्यावर प्रथम बर्फाचा चुरा व थोडें पाणी ढवळून त्यांत नळी बुडवावी. वाचन शून्याच्या जवळ, अर्ध्या अंशाच्या आंत आलें तर मापक खरा समजावा. फार फरक दिसल्यास दुकानदाराकडून तो बदलून घ्यावा.

४. आज्ञावली बदलण्याची कृति

सर्व कृति सुरू असतां स्विच घरच्या विजेपासून पूर्णपणें तोडलेला असावा. हा नियम कोणत्याही सबबीवर मोडूं नये. पेटी उघडी असतां आंतील भागांत २३० व्होल्ट वीज खेळत असते.

(क) पेटी उघडून ३.३ व्होल्ट, आरएक्स, टीएक्स व ग्राउंड अशीं चार छिद्रें शोधावीं.

(ख) संगणकाच्या यूएसबीस लागणारा एक लहान जोडक घ्यावा. तो ३.३ व्होल्टवर ठेवावा. ५ व्होल्ट दिल्यास चिप जळण्याचें भय असतें. जोडकाचा टीएक्स स्विचाच्या आरएक्सला व जोडकाचा आरएक्स स्विचाच्या टीएक्सला, अशा तारा उलटसुलट जोडाव्या.

(ग) स्विचावरील बटण दाबून धरून मग यूएसबी संगणकास लावावी व दोन-तीन क्षणांनीं बटण सोडावें. यायोगें चिप नवी आज्ञावली घेण्याच्या स्थितींत येते.

(घ) मूळ आज्ञावलीची प्रत संगणकांत उतरून ठेवावी. मग ती पुसून टास्मोटा भरावी.

(ङ) यूएसबी काढून पुन्हां लावल्यावर टास्मोटा नांवाचें नवें वाय-फाय मोबाइलवर दिसेल. त्यास जोडून १९२.१६८.४.१ हा पत्ता उघडावा व घरच्या वाय-फायचें नांव आणि परवलीचा शब्द भरावा. ही चिप २.४ गिगाहर्ट्झचेंच वाय-फाय ओळखते.

(च) व्यवस्थेच्या पानावर सोनऑफ टीएच हा प्रकार निवडावा व १४ क्रमांकाच्या पायावर डीएस१८एक्स२० मापक आहे असें नोंदवावें. पानावर उष्णतामान दिसूं लागलें म्हणजे काम झालें. त्या पानालाही परवलीचा शब्द लावावा, नाहींतर घरच्या वाय-फायवरील कोणीही पोर खटका दाबूं शकेल.

पेटी उघडल्यावर कंपनीची हमी राहत नाहीं, हेंही ध्यानांत असावें.

५. नियम कसा बसवावा

पिलांस पहिल्या आठवड्यांत सुमारें ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढें दर आठवड्यास ती सुमारें ३ अंशांनीं उतरवीत जावी. मापकाची नळी पिलांच्या पाठीच्या उंचीवर, भुशापासून सुमारें ५ सेंटिमीटर वर, दिव्याखालीं नव्हे तर ब्रूडरच्या कडेशीं टांगावी. दिव्याखालीं टांगल्यास वाचन खोटें येतें.

टास्मोटांत दोन नियम लिहावे : उष्णतामान ३४ च्या खालीं गेल्यास दिवे चालू, आणि ३५.५ च्या वर गेल्यास बंद. दोन आंकड्यांमधील हें अंतर मुद्दाम ठेवावयाचें असतें. एकच आंकडा ठेवला तर रिले क्षणोक्षणीं फडफडतो व त्याचे संपर्क जळतात. दुसऱ्या आठवड्यासाठीं हेच आंकडे ३१ व ३२.५ करावे.

हे नियम चिपेच्या स्मरणांतच राहतात. इंटरनेट गेलें, इतकेंच नव्हे तर घरचें वाय-फायही बंद पडलें, तरी उष्णतामानावरचा नियम चालूच राहतो. वेळेवर अवलंबून असलेल्या नियमांची गोष्ट मात्र निराळी आहे. या उपकरणांत स्वतंत्र बॅटरीचें घड्याळ नसतें, म्हणून वीज जाऊन आल्यावर इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत तसे नियम चालत नाहींत. जेथें वारंवार वीज जाते तेथें वेळेपेक्षां उष्णतामानावर भिस्त ठेवणें श्रेयस्कर.

६. बिघाडाचा आगाऊ विचार

सर्व सुरळीत असतां यंत्र चालतेंच; बिघडल्यावर काय होईल, याचा विचार आधीं केला पाहिजे. यांत चार गोष्टी मुख्य आहेत.

पहिली. मापकाची तार उंदरानें कुरतडली तर वाचन येणें बंद होतें आणि नियम लागू होत नाहीं. दिवे त्या वेळीं चालू असल्यास चालूच राहतील व पिलें भाजतील. यासाठीं मापकाचें वाचन दर मिनिटास कळविलें जावें असें ठरवून एक उलटगणतीचा नियम लिहावा. प्रत्येक वाचनाबरोबर ३ मिनिटांची गणती नव्यानें सुरू व्हावी, आणि वाचन न येतां ती संपली तर रिले बंद व्हावा.

दुसरी. हा मापक वीज मिळतांच, पहिलें मोजमाप होण्यापूर्वीं, ८५ हा आंकडा दाखवितो. सैल जोडणी असल्यास हाच आंकडा पुन्हां पुन्हां दिसतो व नियम दिवे बंद करतो. ब्रूडरमध्यें ८५ दिसल्यास ऊब वाढली असें न समजतां तार तपासावी.

तिसरी. वीज परत आल्यावर रिले पूर्वींच्याच स्थितींत येतो, अशी टास्मोटाची मूळ योजना आहे. ती बदलून आरंभीं बंद अशी करावी. वाचन आल्यावर नियम काय तें ठरवील.

चौथी, आणि खेड्यांत सर्वांत महत्त्वाची. वीज थोड्या क्षणांच्या अंतरानें सहा-सात वेळां लागोपाठ गेली-आली, तर मालक परवलीचा शब्द विसरला आहे असें समजून टास्मोटा सर्व व्यवस्था पुसून टाकते. फडफडणाऱ्या विजेच्या गांवीं ही सोय घातक आहे. सेट-ऑप्शन ६५ हा पर्याय १ केल्यानें ती बंद होते. हें काम पहिल्याच दिवशीं करावें.

इतकें करूनही सर्व दिवे एकाच खटक्यावर सोंपवूं नयेत. दर पिलामागें सुमारें २ वॅट, या ठोकताळ्यानें १०० पिलांस २०० वॅट दिवे लागतात. हा भार एक अँपिअरही होत नाहीं. त्यांपैकीं १०० वॅटचा दिवा साध्या बटणावर हातानें लावावा, व बाकीचा स्विचावर द्यावा. असें केल्यानें यंत्र फसलें तरी पिलें एकदम गारठणार नाहींत व एकदम भाजणारही नाहींत. उन्हाळ्याच्या दुपारीं हातचा दिवा बंद करावा.

७. विजेची सावधगिरी

हे स्विच दोन तारांपैकीं फक्त फेजची तार तोडतात. सॉकेटमधील फेज व न्यूट्रल उलट जोडलेले असले, तर स्विच बंद दिसत असतांही दिव्याच्या होल्डरपर्यंत वीज पोंचलेली असते. म्हणून टेस्टरनें फेज तपासून मगच जोडणी करावी, दिवा बदलतांना मुख्य बटण बंद करावें, आणि ओल्या जागीं गळती ओळखणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर बसवावा. कायमची जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी. मापकाची नळी उघड्या हातानें अगर पाण्यांत, स्विच विजेवर असतां, कधींही धरूं नये.

विहिरीवरचा पंप या स्विचावर थेट जोडूं नये. सुरू होतांना मोटर नेहमींच्या कित्येक पट वीज ओढते, व रिलेचे संपर्क चिकटून बसतात. मग हुकूम देऊनही पंप बंद होत नाहीं. अशा कामीं स्विचानें फक्त कॉन्टॅक्टर अगर स्टार्टर चालवावा, आणि मोटरची वीज त्यांतून न्यावी. थ्री-फेज मोटरला तर दुसरा मार्गच नाहीं.

८. समारोप

वरील योजनेनें कंपनीच्या सर्व्हरवरचें अवलंबन सुटतें. वीज कंपनीवरचें सुटत नाहीं. तारेंत वीजच नसेल तर शहाण्यांत शहाणा स्विचही ऊब देऊं शकणार नाहीं. तेव्हां शेगडीची अगर गॅसच्या ब्रूडरची पर्यायी तयारी ठेवलीच पाहिजे, व शेगडी लावतांना धूर कोंडणार नाहीं इतकी हवा खेळती ठेवावी. त्याचप्रमाणें रात्रीं निजण्यापूर्वीं एकदां ब्रूडरकडे पाहण्याचा परिपाठ सोडूं नये. पिलें दिव्याखालीं गर्दी करून बसलीं असलीं तर ऊब कमी आहे. दिव्यापासून दूर पळून चोंच उघडून धापा टाकीत असलीं तर ती जास्त आहे. आणि सर्वत्र सारखीं पसरून खात-पीत असलीं तर ठीक आहे. मापकाचा आंकडा व पिलांची वागणूक यांत विरोध दिसेल तेव्हां पिलांची साक्ष खरी मानावी.

ज्या बंधूंस हा प्रयोग करावयाचा असेल त्यांनीं पिलें आणण्यापूर्वीं आठ दिवस रिकाम्या ब्रूडरवर तो चालवून पाहावा. त्या मुदतींत दर रात्रीं एकदां मापकाची तार काढून, एकदां वाय-फाय बंद करून व एकदां वीज घालवून-आणून, प्रत्येक वेळीं दिवे काय करतात तें वहींत टिपून ठेवावें. आठही रात्रींच्या नोंदी मनासारख्या आल्या, म्हणजे मगच पिलें आणावीं.