हरमलचा बर्गर: निवाडा देण्याआधी

गोव्यातल्या हरमलात सगळ्यात चांगला बर्गर कुठं मिळतो, असं कुणी विचारलं तर उत्तरादाखल दुकानाचं नाव सांगू नये आणि कुणी सांगितलंच तर त्यावर विसंबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दरवर्षी किनाऱ्यावर हा वाद रंगतो. गोड्या तळ्याच्या वाटेवरचा अमका शॅक की बाजारातून खाली उतरणाऱ्या रस्त्यावरचा तमका, यावर माणसं तावातावानं बोलतात आणि नवा आलेला बिचारा त्या बोलण्यावर भरवसा ठेवून जेवायला जातो. पण हे नाव नेमकं कशाला चिकटलेलं असतं? शॅक हंगामी आहे. पावसाच्या तोंडावर झापं उतरतात, बांबू सुटतात आणि पुढचा हंगाम येईपर्यंत तिथं नुसती वाळू असते. आत राबणारी मुलं बहुतेक नेपाळची किंवा हिमाचलकडची. उन्हाळ्यात त्यांच्यातली कितीतरी मनालीच्या बाजूला कामाला जातात आणि परत त्याच मालकाकडे येतीलच असं नाही. फलक तोच, मालक तोच, पण तव्यामागचा हात बदललेला. गेल्या वर्षीची शिफारस खरी असली तरी ज्याच्या हाताची होती तो माणूस आज कुठं आहे, हे शिफारस करणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

आता पावाचं बघू, कारण बर्गरचं निम्मं यश तिथंच ठरतं आणि वाद घालणारे नेमकं त्यावरच बोलत नाहीत. गोव्यात पाव म्हणजे पदेराचा, म्हणजे गावच्या पाववाल्याचा पाव. सासष्टी-बार्देशात तो सोळाव्या शतकापासून मुरला. हरमल ज्या तालुक्यात येतं ते पेडणे पोर्तुगिजांकडे गेलं ते 1788 साली, त्यामुळे भाकरी-पेजेच्या या तालुक्यात पाव उशिरा आला. पण आता पदेराच्या सायकलीचा भोंगा सकाळ-संध्याकाळ इथंही ऐकू येतो. उंडो, कातरे पाव, कोंडा लावलेली पोळी हे सगळं त्याच्या टोपलीत असतं. मैदा, पाणी, मीठ आणि आंबवण यांपलीकडे त्यात फारसं काही नसतं. तूप-दूध नाही, साखर नावाला. म्हणून तो पहिल्या चार तासांत अप्रतिम लागतो आणि रात्रीपर्यंत चामट होतो. फ्रीजमध्ये ठेवला तर आणखी लवकर, कारण थंडीत पिठातला स्टार्च भराभर घट्ट होत जातो. पाकिटातला गोडसर बन याच्या उलट: चार दिवस मऊ राहतो, पण मांसाचा रस लागला की त्याचा लगदा होतो. तेव्हा ज्या शॅकचा बर्गर संध्याकाळी साडेपाचला तालुक्यात पहिला येईल, तोच रात्री दहाला सपशेल नापास होऊ शकतो. आचारी तोच, मसाला तोच, फक्त संध्याकाळच्या खेपेचा पाव आता चामट झालेला. मागवण्याआधी उंडो अंगठ्यानं दाबून बघायला मागावा. दाबलेला भाग लगेच वर आला आणि कवच हलकं कुरकुरलं, तर पुढचं बोलावं. कापलेली बाजू तव्यावर चरबीत शेकून देतात का, हेही बघावं. शेकलेली बाजू रस अडवते, न शेकलेली तो पिऊन टाकते.

मांसाचं प्रकरण याहून अवघड आहे. गोव्यात गाईच्या कत्तलीला 1978 च्या कायद्यानं बंदी आहे. मेन्यूवर ‘बीफ’ लिहिलेलं असतं ते बैलाचं किंवा म्हशीचं, आणि बहुतेक वेळा ते कर्नाटकातून आलेलं. डिसेंबर 2020 मध्ये कर्नाटकाच्या विधानसभेनं कत्तलबंदीचं नवं विधेयक मंजूर केलं तेव्हा ऐन नाताळात गोव्यात मांसाचा तुटवडा झाला. म्हणजे एखाद्या जागेची चव तिच्या स्वतःच्या हातात केवढी असते, हाही प्रश्नच. ज्याला धर्मानं किंवा आवडीनं बीफ चालत नाही त्यानं आधी विचारून घ्यावं. विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि सांगायला कुरकुर करणाऱ्याकडे खाऊ नये. पण माझा खरा इशारा वेगळा आहे. मांसाच्या तुकड्यावर जंतू असतात ते वरच्या बाजूला. तुकडा भाजला की ते मरतात, आतला भाग गुलाबी राहिला तरी बहुधा बिघडत नाही. खिमा केला की वरचं आत जातं. 1993 साली अमेरिकेत ‘जॅक इन द बॉक्स’ या साखळीचे अर्धेकच्चे हॅमबर्गर खाऊन सातशेहून जास्त माणसं आजारी पडली, चार मुलं दगावली. कारण ई-कोलाय जंतूचा एक जहाल प्रकार. बर्गरच्या मध्यभागी तापमान 71 अंश सेल्सिअसपर्यंत पोचलं पाहिजे, असा तिथल्या शेती खात्याचा सल्ला आहे. हरमलात कुणी तापमापक घेऊन बसत नाही, हे उघड आहे. म्हणून खिमा ‘मीडियम’ मागवण्याची हौस इथं करू नये, मग शेजारच्या टेबलावरचा परदेशी पाहुणा काहीही मागवो. नुसत्या रंगावरही जाऊ नये, खिमा कधीकधी पुरता शिजण्याआधीच तपकिरी होतो. पातळ थापलेली टिकी मागावी, ती आतपर्यंत लवकर शिजते.

खिमा कधीचा आहे, हे विचारून कळत नाही, पण मेन्यूवरून ताडता येतं. एकाच पुस्तकात हमस, फलाफल, पिझ्झा, मोमो, थाळी, बोर्श आणि बर्गर असेल, तर दिवसाला किती बर्गर खपत असतील याचा अंदाज बांधावा. उरलेला खिमा फ्रीजमध्ये थांबतो, आणि वीज गेली तर त्याचं काय होतं ते सांगायला नको. आठ-दहाच पदार्थ करणारी जागा मला म्हणून जास्त भरवशाची वाटते. पण गाजावाजाची जागा मात्र भरवशाची असतेच असं नाही. नाव झालं की गर्दी होते, गर्दी झाली की टिक्या आधीच अर्ध्या भाजून रचून ठेवतात आणि मागणी आली की तव्यावर परत दाबतात. टिकी कच्ची असताना, तव्यावर पडल्या-पडल्या दाबली तर तिला खमंग खरपूस पापुद्रा येतो. शिजत आल्यावर दाबली तर चरबी तव्यावर आणि आपल्या वाट्याला भुसा. उलथन्याखालून ‘चर्र’ आवाज कधी येतो, पहिल्या अर्ध्या मिनिटात की शेवटी, एवढं ऐकलं तरी बरंच कळतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: चव ज्याची त्याची, तिथं तर्क कशाला? मान्य, कांदा कच्चा आवडतो की परतलेला, यावर मी कुणाशी भांडणार नाही. पण चामट पाव, भुशासारखी टिकी किंवा बिघडलेलं पोट ही आवडीनिवडीची बाब नाही. शिवाय आपण जिला चव म्हणतो तिच्यात मावळतं ऊन, समुद्राचा वारा आणि हातातली बाटली यांचा वाटा केवढा, हे कुणी मोजत नाही. 1976 मध्ये पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी बाटल्यांवरची नावं झाकून वाइन चाखली आणि पहिला नंबर कॅलिफोर्नियाला देऊन बसले. तिथं निदान नावं झाकली होती. आपण तर समुद्राकडे तोंड करून निकाल देतो! वाद घालायचाच तर दोन्हीकडचे बर्गर एकाच संध्याकाळी, चीज-सॉस न घालता आणून, घरच्या ताटांत कापून खावेत. निम्मे वाद तिथंच मिटतील.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. पणजीच्या कॅफे टाटोची किंवा कॅफे भोसलेची भाजी चांगली, हे लोक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत, मग तिथं जागेच्या नावावर विश्वास कसा चालतो? चालतो, कारण तिथं स्वयंपाकघर बारा महिने पेटलेलं असतं, गिऱ्हाईक रोजचं असतं आणि एक दिवस भाजी पातळ झाली तर दुसऱ्या दिवशी तोंडावर सांगणारे असतात. शॅकच्या गिऱ्हाइकाचा परतीचा प्रवास ठरलेला असतो. चुकलेल्या बर्गरची तक्रार घेऊन तो उद्या येणार नाही, हे मालकाला पक्कं माहीत असतं. म्हणून हरमलात राहणाऱ्याचं ऐकावं, पण तेही तो त्या शॅकमध्ये गेल्या पंधरवड्यात जेवला असेल तरच.

आणि तरीही कौल हवाच असेल तर माझा असा: गोव्यात पावात मांस घालून खायचं तर हॅमबर्गरच्या आधी कटलेट-पाव. कटलेट म्हणजे खिमा नव्हे. मांसाची पातळ चकती ठोकून, मसाल्यात मुरवून, रव्यात घोळवून तळलेली, त्यामुळे आतपर्यंत शिजते. आणि उंडो त्याच्यासाठीच असावा असा बसतो. म्हापशाच्या बाजूच्या गाड्यांवर तो संध्याकाळी, दुसऱ्या खेपेचा पाव आल्यावर खावा. हरमलचे शॅक रागावतील, रागावू देत. त्यांच्यातल्या कुणी पाकिटातला बन सोडून पदेराचा उंडो धरला आणि टिकी पातळ थापली, तर पुढच्या हंगामात मी माझा कौल फिरवायला तयार आहे.