एक नौका, एक गाव
(हदीसच्या प्रकाशात व्यसनमुक्तीचा सामूहिक मार्ग)

हजरत नोमान बिन बशीर (रजि.) यांनी सांगितलेली आणि सहीह बुखारीत नोंदलेली एक हदीस आपण अनेकदा ऐकली असेल. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तीत समाजाला नौकेची उपमा दिली आहे. प्रवाशांनी चिठ्ठ्या टाकून जागा वाटून घेतल्या. काहींच्या वाट्याला वरचा मजला आला, काहींच्या वाट्याला खालचा. खालच्यांना पाणी हवे असले की वर यावे लागे आणि या ये-जा करण्याचा वरच्यांना त्रास होई. तेव्हा खालच्यांनी विचार केला की आपल्याच हिश्श्यात एक छिद्र पाडले तर आपल्याला पाणी मिळेल आणि वरच्यांना उपद्रवही होणार नाही. प्रेषितांनी (स.) याचा निष्कर्ष असा सांगितला की, वरच्यांनी त्यांना मोकळे सोडले तर सारेच बुडतील, त्यांचे हात धरले तर तेही वाचतील आणि सारेच वाचतील.

आपल्या खेड्यापाड्यांतील तरुणांमध्ये पसरत चाललेल्या नशेचा विचार करताना या हदीसइतका नेमका मार्गदर्शक मला सापडला नाही. परंतु ती समजण्यापूर्वी माझ्या हातून एक चूक घडली. प्रथम ती सांगणे मला आवश्यक वाटते.

मी इमामत करतो त्या गावात काही वर्षांपूर्वी तरुण मुलांमध्ये झोपेच्या गोळ्यांची नशा आली. मुले त्यांना ‘बटन’ म्हणतात. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या कब्रस्तानाच्या भिंतीमागे सापडू लागल्या. मी जुम्याच्या बयानात अत्यंत कठोर शब्दांत या मुलांचा निषेध केला. अशा लोकांनी मशिदीच्या पायरीवरही पाऊल ठेवू नये, असे मी म्हणालो. लोकांनी माना डोलावल्या. पुढच्या आठवड्यात एक माता मक्तबच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिच्या मुलाने माझ्याकडेच नाजरा कुरआन पूर्ण केला होता. ती म्हणाली, त्याची नमाज सुटलीच होती, पण जुम्याला तो शेवटच्या सफमध्ये तरी येऊन बसत असे. आता तेही बंद झाले. ती रागावली नव्हती, आणि त्यामुळेच तिचे शब्द मला अधिक लागले. ज्या मुलाचा हात धरायचा होता, त्याला मी नौकेबाहेर लोटले होते.

पहिला बोध : छिद्र एकाचे, पाणी सर्वांचे

छिद्र पाडणारे ‘आमच्या हिश्श्यात’ पाडत होते, ही बाब ध्यानात घ्या. आजचा तरुणही हेच म्हणतो : माझे शरीर, माझे पैसे, तुमचे काय जाते? आणि वरच्या मजल्यावरचे लोकही हेच म्हणतात : त्याच्या घरचा प्रश्न आहे, आपण कशाला पडायचे? दोघांची चूक एकच आहे.

काही मुलांचा असा समज असतो की निषिद्ध आहे ती फक्त दारू; गोळी किंवा गांजा त्यात येत नाही. हा समज चुकीचा आहे. प्रत्येक नशा आणणारी वस्तू ‘खम्र’ आहे आणि प्रत्येक खम्र हराम आहे, असा नियम हदीसमध्ये स्पष्ट आला आहे. हजरत उमर (रजि.) यांनी मिंबरावरून खम्रची व्याख्याच अशी केली होती की जे बुद्धीवर आवरण घालते ते खम्र. पंक्चर काढण्याचे सोल्युशन हुंगणे असो की गोळी असो, निकष बुद्धीवरील आवरण हाच आहे. धर्म, प्राण, बुद्धी, वंश आणि संपत्ती या पाच गोष्टींचे रक्षण हा शरीअतचा उद्देश मानला गेला आहे. नशा प्रथम बुद्धीवर घाला घालते आणि मग उरलेल्या चारही गोष्टी एकामागून एक उघड्या पडतात.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक मद्य घेतात. परंतु त्याहून अस्वस्थ करणारी नोंद हुंगण्याच्या पदार्थांची आहे. प्रौढांमध्ये हे प्रमाण ०.५८ टक्के, तर मुले व किशोरांमध्ये १.१७ टक्के आढळले. म्हणजे या एका नशेत मुले मोठ्यांच्या पुढे गेली आहेत.

आता विक्रेत्याकडे वळू. तिर्मिजी आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत एक हदीस आहे. तीत दारूच्या संदर्भात दहा व्यक्तींचा धिक्कार केला आहे. पिणारा त्या दहांपैकी केवळ एक आहे. गाळणारा, वाहून नेणारा, विकणारा, विकत घेणारा आणि तिची किंमत खाणारा असे इतर सारे त्यात आहेत. आपण मात्र पिणाऱ्यालाच ओळखतो, कारण तो दुबळा आणि नजरेसमोर असतो. आमच्या गावात गोळ्या पुरविणारा माणूस आपल्याच जमातीचा निघाला आणि मशिदीच्या बांधकामाला तो चंदाही देत होता. हा चंदा परत करण्याचा निर्णय घ्यायला आमच्या कमिटीला तीन बैठका लागल्या. निर्णय झाला त्या रात्री मला प्रथमच वाटले की आता मिंबरावरून बोलण्याचा थोडासा अधिकार आपल्याला मिळाला आहे.

दुसरा बोध : हात धरणे म्हणजे काय?

प्रेषितांनी (स.) हात धरायला सांगितले आहे, समुद्रात ढकलायला नाही. सहीह बुखारीतच एका सहाबींचा प्रसंग आहे. मद्यपानाच्या अपराधासाठी त्यांना वारंवार आणले जाई आणि शिक्षाही होई. एकदा उपस्थितांपैकी कोणी तरी त्यांना शाप दिला. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला रोखले आणि हा मनुष्य अल्लाहवर व त्याच्या प्रेषितावर प्रेम करतो अशी ग्वाही दिली. अशाच दुसऱ्या प्रसंगी, आपल्या बंधूविरुद्ध सैतानाचे साहाय्यक होऊ नका, अशी ताकीद त्यांनी दिली. गुन्हा गुन्हाच राहिला, शिक्षाही टळली नाही. परंतु त्या माणसाचे समाजातील स्थान कोणी हिरावून घेऊ शकले नाही.

पवित्र कुरआननेही मनुष्यस्वभाव ओळखून मद्यनिषेध टप्प्याटप्प्याने आणला. प्रथम सूरह बकरहमध्ये (आयत २१९) त्याची हानी लाभापेक्षा मोठी असल्याचे सांगितले. मग सूरह निसामध्ये (आयत ४३) नशेत नमाजजवळ जाण्यास मनाई झाली. शेवटी सूरह माइदामध्ये (आयत ९० व ९१) संपूर्ण निषेध आला. तोवर अंतःकरणे अशी तयार झाली होती की, हजरत अनस (रजि.) सांगतात त्याप्रमाणे, घोषणा कानी पडताच मद्य ओतून देण्यात आले आणि ते मदीनेच्या गल्ल्यांतून वाहिले. आज निषेधाचा हुकूम पूर्ण झाला आहे, त्यात सवलत नाही. परंतु व्यसनी माणसाला बाहेर काढण्यासाठी जो संयम लागतो, तो आपण या क्रमातून शिकलाच पाहिजे.

येथे एक वैद्यकीय बाब सांगणे भाग आहे. दीर्घकाळ झोपेच्या गोळ्या किंवा खूप दारू घेणाऱ्याला खोलीत कोंडून एकदम सर्व बंद करणे धोक्याचे असते; त्याला झटके येऊ शकतात. शपथ, ताईत किंवा मारहाण हा त्यावर उपाय नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपचार हवेत. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगणसारखे केंद्र कार्यरत आहे. पोलिसांच्या भीतीने अनेक कुटुंबे मुलाला लपवून ठेवतात. त्यांनी जाणून घ्यावे की १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये, अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यातील व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने शासनमान्य संस्थेत उपचार घेतल्यास तिला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद आहे.

तिसरा बोध : त्यांना पाणी हवे होते

या हदीसमधील एका गोष्टीकडे आपले फारसे लक्ष जात नाही. खालच्या लोकांची गरज खोटी नव्हती. त्यांना पाणीच हवे होते. मार्ग विनाशकारी होता, पण तहान खरी होती. आणि त्यांच्या वर येण्याने वरचे त्रासले होते, हेही विसरता येत नाही.

आपल्या तरुणाची तहान कोणती? काम नाही, शिक्षण अर्धवट, बाप ट्रकवर किंवा परगावी, संध्याकाळी बसायला पारापलीकडे जागा नाही, चार शब्द ऐकून घेणारे कोणी नाही. तो मशिदीत आला तर त्याचे केस आणि कपडे यांवर टोमणे. मग ज्या टोळक्यात त्याला ‘ये, बस’ म्हटले जाते तेथे तो जातो. आइसलँड या देशात १९९८ मध्ये १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले मागील महिन्यात कधी ना कधी नशेत असल्याचे आढळले होते. पालक, शाळा, नगरपालिका यांनी एकत्र येऊन खेळ व कलेची सोय, पालकांचे आपसांतील करार आणि रात्री मुलांनी घरी परतण्याची वेळ यांवर भर दिला. २०१६ पर्यंत ते प्रमाण ५ टक्क्यांवर आले. केवळ भाषणांनी हे घडले नाही. त्यांनी मुलांना पाणी दिले.

कोणाबरोबर काम करावे?

काही बंधू विचारतात, या कामात मुस्लिमेतरांबरोबर बसावे काय? इस्लामपूर्व मक्केत एका परक्या व्यापाऱ्यावर अन्याय झाला, तेव्हा अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी काही कुळांनी पीडिताच्या बाजूने उभे राहण्याचा करार केला. त्यालाच ‘हिल्फुल फुजूल’ म्हणतात. प्रेषित (स.) त्यात सहभागी होते आणि प्रेषितत्वानंतरही, आज मला त्यासाठी बोलावले तर मी होकार देईन, असा आशय त्यांनी व्यक्त केला. सूरह माइदाची दुसरी आयत नेकीच्या कामात सहकार्याचा आदेश देते. नशा विकणारा जात-धर्म पाहत नाही. मग वाचविणाऱ्यांनी का पाहावा?

आपल्याच राज्यातील गडचिरोलीचे उदाहरण पाहा. तेथे लोकांच्या दीर्घ चळवळीनंतर १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. परंतु केवळ कायदा पुरेसा ठरला नाही. २०१६ मध्ये शासन, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था आणि टाटा ट्रस्ट यांनी ‘मुक्तिपथ’ हे अभियान सुरू केले. गावोगावी गाव संघटना उभ्या करणे हा त्याचा गाभा आहे. राज्यातील नियमही लोकांच्या हाती साधन देतात. गावातील २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास दारूच्या दुकानाबाबत गुप्त मतदान होते. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडव्या बाटली’ला कौल दिला तर दुकान बंद होते. आपल्या भगिनींनी या मतदानात मागे राहू नये.

वाचकहो, आपल्या गावात काय करता येईल?

१. मशिदीची कमिटी, ग्रामपंचायत, शाळेचे मुख्याध्यापक, आशाताई, बचत गट आणि तरुण मंडळ यांची एक समिती करावी. महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी बसावे.
२. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय गोळ्या विकणे हा गुन्हा आहे. औषध विक्रेत्याला आधी समजवावे; न ऐकल्यास समितीच्या नावाने अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करावी. एकट्याने तक्रार करून कोणी संकटात पडू नये.
३. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही आणि राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. टपरीची पाहणी करावी. अनेकांची वाट तेथूनच सुरू होते.
४. मगरिब ते इशा या वेळेत मशिदीजवळ अभ्यासिका, असरनंतर मैदानावर खेळ. इमामानेही मैदानात जावे.
५. व्यसनात सापडलेल्या मुलाचे नाव चव्हाट्यावर आणू नये. दोन विश्वासू माणसांनी त्याच्या घरी जावे आणि उपचारासाठी सोबत करावी. गरजवंताच्या खर्चाची व्यवस्था करावी.

हे काम फर्जे किफायाच्या स्वरूपाचे आहे असे मी समजतो. काहींनी केले तर सर्वांची जबाबदारी उतरते. कोणीच केले नाही तर सारे गाव उत्तरदायी ठरते.

त्या मुलाविषयी सांगून थांबतो. मी त्याच्या घरी गेलो आणि माझ्या शब्दांबद्दल त्याची माफी मागितली. पहिल्या दोन वेळा तो बाहेर आला नाही. तिसऱ्या वेळी आला. उपचार झाले, मधे एकदा तो पुन्हा घसरला, पुन्हा उपचार झाले. तो पूर्ण सुटला असे मी म्हणणार नाही. परंतु जुम्याला तो पुन्हा शेवटच्या सफमध्ये बसू लागला आहे, आणि त्याच्या शेजारची जागा आता रिकामी राहत नाही.

अल्लाह आपल्या तरुणांच्या बुद्धीचे रक्षण करो, जे घसरले त्यांना परतण्याची शक्ती देवो आणि आम्हां वरच्या मजल्यावरच्यांना हात धरण्याची व पाणी देण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.