रोगाची आगाऊ सूचना देणारे सांडपाणी

बोंडअळीचे नुकसान डोळ्यांना दिसण्यापूर्वी तिची चाहूल लागावी म्हणून आपण कपाशीत कामगंध सापळे लावतो. वस्तीतील रोगांची चाहूलही अशीच आधी लागू शकते. तेथे सापळ्याचे काम गटारातील सांडपाणी करते.

सांडपाणी का तपासतात?

पोलिओची लागण झालेल्या सुमारे २०० मुलांपैकी एखाद्यालाच पांगळेपणा येतो. बाकीची मुले धडधाकट दिसतात; पण त्यांच्याही विष्ठेवाटे विषाणू काही आठवडे बाहेर पडत राहतो. दवाखान्यात त्यांची नोंद होत नाही, गटारात मात्र माग लागतो. म्हणूनच मुंबईत २००१ पासून सांडपाण्याची नियमित तपासणी सुरू झाली. देशातील रानटी पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. रुग्ण नसतानाही विषाणू खरोखर गेला की नाही, याची खात्री अशा तपासणीमुळे करता आली. पुढे करोनाच्या साथीतही हीच पद्धत उपयोगी पडली.

तपासणीची पद्धत

सकाळच्या वेळी मुख्य गटारातून सुमारे एक लिटर पाणी घेऊन ते बर्फात ठेवून प्रयोगशाळेत नेतात. विषाणूंसाठी नमुन्यातील अंश एकवटून तपासला जातो. जीवाणूंसाठी प्रतिजैविक औषध मिसळलेल्या खाद्यमाध्यमावर नमुना पसरतात. औषध असूनही जे जीवाणू वाढतात, त्यांची संख्या मोजतात. असे जीवाणू वाढत गेले, तर त्या औषधाची मात्रा त्या भागात लागू पडेनाशी होत आहे, असे समजावे.

शेतीशी संबंध

एकच कीटकनाशक वारंवार फवारल्यास अळी त्याला दाद देत नाही, हा आपला अनुभव आहे. जीवाणूंचेही तसेच आहे. गोठ्यात व कुक्कुटपालनात अकारण वापरलेली प्रतिजैविके आणि त्यांना दाद न देणारे जीवाणू शेण-मूत्रावाटे नाल्यात जातात. कोलिस्टिन हे माणसांसाठी अखेरचा आधार असलेले औषध. त्याचा कोंबड्या व इतर पशुखाद्यातील वापर भारतात २०१९ मध्ये बंद करण्यात आला. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ मध्ये माणूस, अन्नसाखळी व पर्यावरण या तिन्हींत ई. कोलाय जीवाणूची एकत्र पाहणी करण्याची पद्धत दिली आहे. नाल्याच्या पाण्यावर भाजीपाला घेणाऱ्याच्या घरी हेच जीवाणू परत येऊ शकतात.

घ्यावयाची काळजी

१) प्रक्रिया न केलेले सांडपाणी पालेभाज्या, कोथिंबीर, मुळा, गाजर अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांना देऊ नये.

२) नाल्याच्या पाण्यात काम करताना गमबूट व हातमोजे वापरावेत. काम संपल्यावर साबणाने हातपाय धुवावेत.

३) काढलेली भाजी नाल्यात न धुता स्वच्छ पाण्याने धुवावी.

४) जनावरांना प्रतिजैविके पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावीत, मात्रा पूर्ण करावी. सांगितलेले दिवस दूध विकू नये.

५) शेणखत व कोंबडीखत पूर्ण कुजवूनच शेतात टाकावे.

६) डाळिंबावरील तेल्या रोगासाठी प्रतिजैविकांच्या फवारण्या टाळाव्यात, बागेची स्वच्छता व रोगमुक्त रोपे यांवर भर द्यावा.

सापळ्यात पतंग दिसले तरी शेतकऱ्याने हालचाल केली नाही, तर पीक वाचत नाही. सांडपाण्याच्या तपासणीचेही तसेच आहे. तिने दिलेल्या सूचनेचा उपयोग गोठ्यापासून आणि बांधापासून सुरू होतो.