पेठेतल्या घरी शेवटचं आजारपण, आणि आपण परदेशात

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतून आणि शेजारच्या पेठांतून बाहेर पडून न्यू जर्सी, लंडन, दुबई, मेलबर्न इथं स्थिरावलेल्या काही कुटुंबांच्या अनुभवांवरून हे टिपण केलं आहे. नव्यानं आलेल्यांना भाड्याचं घर, मुलांची शाळा, गाडीचं लायसन्स याबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. गावाकडे आईचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात निघाला किंवा वडील अंथरुणाला खिळले, तर इथून काय करायचं, हे मात्र ज्याचं त्यालाच शोधावं लागतं.

परदेशात राहिलेल्या माणसाच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो 'चांगलं हॉस्पिस कुठलं?' पेठेतल्या घरासाठी हा प्रश्न थोडा चुकीच्या जागी पडतो. मरणासन्न रुग्णांसाठी खाटा असलेल्या संस्था महाराष्ट्रात मोजक्याच आहेत. मुंबईत वांद्र्याला डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ साली सुरू केलेलं शांती अवेदना सदन हे देशातलं पहिलं हॉस्पिस. त्याची शाखा गोव्यातही आहे. पुण्यात वारज्याला, मुंबई-बंगळुरू हायवेला लागूनच, सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअरचं (वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचं) केंद्र १९९७ पासून चालू आहे. दोन्हीकडे रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. पण दोन्ही संस्था मुख्यतः कॅन्सरच्या रुग्णांसाठी आहेत. स्मृतिभ्रंश, पक्षाघात, निकामी झालेली किडनी किंवा हृदय अशा आजारांत शेवटची शुश्रूषा बहुधा घरीच करावी लागते, हे आधीच धरून चाला.

कॅन्सरच्या रुग्णासाठी आमचं मत असं झालं आहे : वेदना किंवा उलट्या घरी आवरत नसतील, तर थोडे दिवस वारज्याला न्यावं, औषधांची घडी बसवून घ्यावी, नळी कशी सांभाळायची आणि जखम कशी धुवायची हे घरच्यांनी शिकून घ्यावं, आणि परत यावं. प्रवास चार-पाच तासांचा आहे, तेव्हा अंगात तेवढं त्राण असतानाच जा. अगदी शेवटच्या दिवसांत माणसाला गाडीत घालून नेऊ नका. ज्यांना आपली गल्ली, आपला उंबरा आणि तालमीतली ओळखीची माणसं हवी असतात, त्यांना तिथंच राहू द्यावं.

म्हणजे निवड करायची ती घरी येणाऱ्या माणसांची. डॉक्टर, नर्स आणि केअरटेकर ही तीन वेगवेगळी कामं आहेत. नर्सिंग ब्युरोवाले 'नर्स पाठवतो' म्हणतात आणि पुष्कळदा येते ती अनुभवी पण प्रशिक्षण न घेतलेली मावशी. ती अंग पुसेल, डायपर बदलेल, दर दोन तासांनी कूस पालटेल; हे काम मोलाचं आहे, पण इंजेक्शन आणि नाकातून घातलेली राइल्स ट्यूब तिच्या हाती देऊ नका. ब्युरोला विचारा : मावशी आली नाही तर त्याच दिवशी बदली मिळेल का? बेडसोरची जखम हाताळलेली आहे का? पुरुष रुग्णाला उचलायला मामा, म्हणजे पुरुष केअरटेकर, मिळतील का? वरखाली होणारी कॉट, एअर बेड, ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं मिळतं. कॉट जिन्यातून वर जाते का, हे आधी मोजून घ्या. पेठेतल्या जुन्या घरांचे जिने अरुंद असतात.

डॉक्टर निवडताना पदव्यांपेक्षा एकाच प्रश्नाचं उत्तर महत्त्वाचं : रात्री दोनला धाप लागली तर फोन कोण उचलेल, आणि येईल कोण? 'ॲम्ब्युलन्स बोलवा आणि आयसीयूत आणा' एवढंच उत्तर मिळालं, तर तो डॉक्टर कितीही हुशार असला तरी या कामाचा नाही. गल्लीतला जुना फॅमिली डॉक्टर यायला तयार असेल आणि कॅन्सर रुग्णालयातला किंवा पॅलिएटिव्ह केअर शिकलेला एखादा डॉक्टर त्याला फोनवरून सल्ला देणार असेल, तर ही जोडी सगळ्यात चांगली चालते. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही चौकशी करा. राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम २०१२ सालापासून आहे आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांमध्येही ही शुश्रूषा धरलेली आहे. आपल्या वॉर्डात प्रत्यक्ष कोण येतं, हे तिथं जाऊनच कळतं.

दुसरा प्रश्न मॉर्फिनचा. कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर तोंडानं घ्यायचं मॉर्फिन हे स्वस्त आणि भरवशाचं औषध आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं ते इतकं जखडलं गेलं की कित्येक दवाखान्यांनी ठेवणंच सोडून दिलं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर नियम सोपे झाले. औषध प्रशासनाची मान्यता असलेली संस्था ते ठेवू शकते आणि देऊ शकते. म्हणून सरळ विचारा : 'तुमच्याकडे मॉर्फिन आहे का? नसेल तर आम्ही कुठून आणायचं?' घरातली मोठी माणसं 'त्याची सवय लागेल', 'त्यानं लवकर जातात' म्हणून गोळी लपवून ठेवतात. योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिननं माणूस लवकर जात नाही. तो झोपतो, दोन घास खातो, नातवाशी बोलतो. साधी गोळी बहुधा दर चार तासांनी असते. दुखायला लागण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे द्यायची, आणि सोबत पोट साफ राहण्याचं औषध डॉक्टरांनी लिहिलंच पाहिजे. ते राहिलं की बद्धकोष्ठतेनं रुग्ण इतका हैराण होतो की घरचे मॉर्फिनच बंद करतात. हे आमच्यातल्या अनेक घरांत झालं.

आता वहिनींबद्दल. हे सगळं करणारी व्यक्ती बहुतेक घरांत सून असते, नाहीतर जवळ राहणारी बहीण. आपण पैसे पाठवतो, व्हिडिओ कॉल करतो, सूचना देतो. रात्री उठते ती. पैसे पाठवायचे असतील तर पहिल्यांदा रात्रपाळीच्या मावशीचे पाठवा, म्हणजे वहिनींना सलग झोप मिळेल. मोठ्या रुग्णालयातल्या आणखी एका तपासणीपेक्षा तो खर्च आई-वडिलांच्याच जास्त उपयोगी पडतो. आयुष्मान कार्डावर सत्तरीपुढच्या सगळ्यांना २०२४ पासून पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते रुग्णालयातल्या उपचारांसाठी. घरच्या मावशीचा पगार त्यातून निघत नाही.

आणि फोनवरून हुकूम सोडू नका. अमेरिकेतल्या डॉक्टरांमध्ये 'कॅलिफोर्नियाची मुलगी' असा एक शब्दप्रयोग आहे. १९९१ साली तो वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. घरच्यांनी आणि डॉक्टरांनी शांतपणे ठरवलेलं असतं, तेवढ्यात दूरवरून कुणीतरी येऊन 'सगळं करा, व्हेंटिलेटर लावा' म्हणतं. आपल्याकडे ती जागा परदेशातल्या मुलाची असते. यामागे प्रेम असतं आणि दूर राहिल्याचा सलही असतो, पण भोगावं लागतं आईला. घरचा निर्णय कुणी घ्यायचा ते एक नाव ठरवा आणि त्या माणसाच्या पाठीशी उभे राहा.

शेवटी कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आई-वडिलांनी स्वतःच लिहून ठेवलेलं असेल तर उत्तम. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१८ मध्ये अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली : दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं. त्यात निर्णय घेणाऱ्या नातेवाइकाचं नाव घाला आणि एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे द्या.

'त्यांना सांगू नका, खचतील' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतं. आमचा अनुभव असा की त्यांना बरंचसं कळलेलं असतं. सगळं एकदम सांगायची गरज नाही. 'काय वाटतंय? काय जाणून घ्यायचंय?' एवढं विचारा आणि ते विचारतील तेवढ्याचंच खरं उत्तर द्या. कुणाला शेताची वाटणी करायची असते, कुणाला एकदा अंबाबाईला जायचं असतं. लपवाछपवीत ते राहून जातं.

आयसीयूतून घरी आणायचं ठरलं तर 'स्वतःच्या जबाबदारीवर नेतो' अशी सही करून रिकाम्या हातानं आणू नका. वेदनेची, धाप लागल्यावरची, अस्वस्थतेची औषधं आणि मात्रा लिहून घ्या. घरी मृत्यू झाला तर कारणाचा वैद्यकीय दाखला, म्हणजे नमुना ४ अ, उपचार करणाऱ्या डॉक्टरनं द्यायचा असतो. अपरात्री तो कोण देईल, हे आधी विचारून ठेवा. नोंदणी महापालिकेत २१ दिवसांत करावी लागते.

आई-वडील तुमच्याकडेच आलेले असतील तर गणित वेगळं. अमेरिकेत मेडिकेअरची हॉस्पिस सेवा चांगली आहे : सहा महिन्यांचं किंवा त्याहून कमी आयुष्य उरल्याचं डॉक्टरांनी प्रमाणित केलं की नर्स घरी येते, औषधं आणि कॉट मिळते, तुम्हाला विश्रांती हवी तर रुग्णाला पाच दिवसांपर्यंत दुसरीकडे ठेवता येतं, आणि संस्था पटली नाही तर बदलताही येते. पण ग्रीन कार्डवर आलेल्या आई-वडिलांना सलग पाच वर्षांच्या वास्तव्याआधी मेडिकेअर विकतही घेता येत नाही, आणि पाहुण्यांच्या व्हिसावर तर ते मिळतच नाही. ब्रिटनमधली बहुतेक हॉस्पिस धर्मादाय संस्था चालवतात आणि रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. आजार बळावतोय असं दिसत असेल आणि आईला पेठेत परत जायचं असेल, तर विमान कंपनी प्रवास करू देईल तोवरच घेऊन जा.

शेवटची सूचना तुमच्या स्वतःच्या निघण्याबद्दल. न्यू जर्सीहून दारात पोचायला दीड दिवस लागू शकतो, आणि आपल्याकडे अंत्यसंस्कार सहसा त्याच दिवशी उरकतात. पंचगंगेच्या घाटावर घरचे तुमच्यासाठी किती थांबतील, हा प्रश्न त्यांच्यावर टाकू नका. डॉक्टर 'महिने' सोडून 'आठवडे' म्हणू लागले की तिकीट काढा. 'दिवस' म्हणण्याची वाट पाहू नका.